बाळाच्या चित्रामागचा कागद

तुम्हा दोघांना मी लिहिते ते वाढदिवसाला आणि दिवाळीला, आणि तेही चार ओळी. आज मोठं लिहायला बसले आहे, ते थोरलीने परवा फोनवर विचारलेल्या प्रश्नामुळे. तिला दिवस गेले आहेत, आणि तिकडच्या, परदेशातल्या डॉक्टरने तिला विचारलं, तुझ्या वेळी तुझ्या आईला ब्लडप्रेशरचा त्रास झाला होता का? तिने आईला विचारलं, तर आई म्हणाली, "झाला होता काहीतरी. आजीला माहीत."

ते खरंच आहे. तुमच्या आईला त्या दुपारनंतरचं काहीही आठवत नाही. तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, आता नाहीत. आजोबा त्या दिवशी पुण्याला गेले होते. ते सगळं पाहिलेली मी एकटी उरले आहे, आणि फोनवर मला ते सांगता आलं नाही. "हो, झाला होता, डॉक्टरांना नक्की सांग," एवढं म्हणून मी फोन ठेवला आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते. धाकट्यानेही वाचावं. हे फक्त बायकांनी वाचायचं आहे असं समजून त्याने कागद बाजूला ठेवू नये.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी घोडेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि आपण शिनोलीच्या घरात राहत होतो. नारायणगावात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचं स्वतःचं छोटं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. त्या आणि मी पुण्याला एका शाळेत होतो. एकदा त्यांनी माझ्यापुढे इंग्रजी पत्रक टाकलं. गरोदरपणातली धोक्याची लक्षणं. म्हणाल्या, "हे मला मराठीत हवंय. पण सरकारी मराठीत नको. माझ्या बाकावर बसणाऱ्या बायकांना कळलं पाहिजे."

मी ते काम मन लावून केलं. पहिला मसुदा मी बाकावरच्या बायकांना वाचून दाखवला, तेव्हा एकीने दुसरीला विचारलं, "ही बाई बातम्या देती का काय?" मग मी लिहिणं थांबवलं आणि विचारायला लागले. डोकं दुखतं तेव्हा तुम्ही काय म्हणता? नजर बिघडली तर कसं सांगता? त्या सांगत गेल्या, मी उतरवत गेले. 'डोळ्यांपुढे काजवे चमकतात.' 'काळजाखाली कळ येते.' 'तोंड सुजून डोळे बारीक होतात.' आमच्या शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांनी चित्रं काढली. डोकं धरून बसलेली बाई, सुजलेले पाय, आणि सगळ्यात खाली आकडी येऊन जमिनीवर पडलेली गरोदर बाई. तोंडाशी फेस. मास्तरांनी ते चित्र फारच चांगलं काढलं होतं. छापून आलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला, आणि मला वाटलं, छान, कुणीही हे विसरणार नाही.

डॉक्टरीणबाई प्रत्येक गरोदर बाईला एकेक कागद द्यायला लागल्या. पुढच्या खेपेला बायका फाइल घेऊन यायच्या, तेव्हा कागद फाइलमध्ये नसायचा. "घरी लावलाय," असं सांगायच्या. आम्हाला ते ऐकून बरंच वाटायचं.

त्याच वर्षी तुमची आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. थोरले, तू पोटात होतीस. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळं ठीक सांगून पाठवली होती. आल्या आल्या मी तिला नारायणगावला दाखवून आणली, तेव्हाही सगळं ठीक होतं. एका सकाळी ती झोपेत असताना मी तो कागद आतल्या खोलीत, तिच्या पलंगासमोरच्या खिळ्याला अडकवला. संध्याकाळी शाळेतून आले तर त्या खिळ्यावर एका बाळाचं चित्र होतं. मंचरच्या बाजारातून पणजींनी मुद्दाम आणवलेलं. गोरं, गुबगुबीत, मांडीला वळ्या पडलेलं, हसणारं बाळ.

"आत्याबाई, इथला कागद?" मी विचारलं.

"हाय की. जपून ठिवलाय."

पणजींना लिहितावाचता येत नव्हतं, पण घरातला कागद त्यांनी कधी फेकला नाही. वीजबिलं, लग्नपत्रिका, सगळं जपायच्या. माझी समजूत अशी झाली, की तुमच्या आईने कागद वाचला आणि मग तो कपाटात गेला. त्या पिढीतल्या घरी गरोदर बाईसमोर गोंडस बाळाचं चित्र लावायची पद्धतच होती. तुमच्या आईलाही ते आवडलं. ती म्हणाली, "आजी, हे एवढं जाडं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"व्हईल, व्हईल," पणजी म्हणाल्या. "रोज बघत जा. पोटुशीच्या डोळ्यापुढं जे ऱ्हातं त्येच पोटात उतरतं."

रात्री पणजी त्याच खोलीत, तुमच्या आईजवळ झोपायच्या. जे काही सांगायचं ते पणजींना सांगायची. मी शाळेतून दमून येते म्हणून मला कशाला सांगा, असं दोघींनी ठरवलेलं. हे सगळं मला नंतर कळलं. पाय सुजले, तर पणजी म्हणाल्या, पहिलटकरणीचे सुजतातच. डोकं दुखलं, तर पित्त झालंय म्हणून कोकम दिलं.

आठवा संपत आला आणि आपण डोहाळजेवण केलं. दिवस उन्हाळ्याचा होता. दुपारी दारात मांडव, झोपाळ्याला झेंडूच्या माळा, आणि भावकीतल्या बायकांनी ओसरी भरलेली. तुमच्या आईला हिरवी साडी नेसवली, मोगऱ्याचे दागिने घातले. बांगड्या भरायला कासारीण आली होती. तुमच्या आईचं माप तिला पाठ होतं, कारण माहेरी आल्या आल्या तिनेच बांगड्या भरल्या होत्या.

त्या मापाच्या बांगड्या हातात जाईनात.

कासारणीने तेल लावलं, पंजा दाबला, पुन्हा दाबला. एक फुटली. "अगं बया, हात लई भरलाय पोरीचा," ती म्हणाली.

"माहेरचं तूप लागलंय," कुणीतरी ओरडलं.

"सासरला आता दार मोठं करायला सांगा, राव!"

सगळ्या हसल्या. तुमची आईपण हसली. मी ओटीचं तबक घेऊन तिच्यासमोर आले, आणि ती माझ्याकडे बघताना डोळे बारीक करते आहे असं मला दिसलं. उन्हाकडे बघावं तसं. पण ऊन तिच्या पाठीमागे होतं.

मी विचारलं, "काय होतंय गं?"

"काही नाही आई. तुझ्या तोंडाभोवती चमचम दिसतेय. सकाळपासून आहे. जाईल आता."

मी तबक नीट खाली ठेवलं. तिचं मनगट हातात घेतलं आणि अंगठ्याने दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. "डोकं दुखतंय?" "दोन-तीन दिवस आहे." "इथे, काळजाखाली?" तिने माझ्याकडे बघितलं. "तुला कसं कळलं?"

मला कसं कळलं! ते शब्द मी स्वतः लिहिले होते. ती एकेक ओळ जणू मला वाचून दाखवत होती, आणि सगळ्यात खालचं चित्र तेवढं राहिलं होतं.

तिथून पुढे माझ्या डोक्यात ते एकच चित्र होतं. मास्तरांनी काढलेली ती बाई. चेहरा मात्र आता माझ्या मुलीचा.

मी म्हटलं, "आपण नारायणगावला जातोय. आत्ता."

"आत्ता?" पणजी उठल्या. "आगं ओटी अर्धी ऱ्हायली. बायका बसल्यात. उद्या न्हे सकाळच्याला."

"आत्ता, आत्याबाई."

त्यांनी माझा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. त्या बाजूला झाल्या.

घरात मोटारसायकल होती, पण तिच्यावर तिला बसवणं शक्य नव्हतं. मी फाट्यावर धावत गेले. भीमाशंकरकडून येणारी जीप उभी होती, भरलेली. मी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी सगळी मला द्या, पोरगी अवघडलेली आहे.

"बसलेल्यांला कुठं टाकू, बाई?" तो म्हणाला, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि मागे वळून ओरडला, "ए पावणं, मधली सीट मोकळी करा! कोण टपावर जातंय, कोण मागं. हला!"

लोक मुकाट हलले. जीप घराच्या दाराशी आली आणि तुमच्या आईला उचलून आणली. हिरवी साडी, दंडाला मोगऱ्याचा वाक, कपाळावर ओल्या कुंकवाचा मळवट. गाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईने तिला बघून बोटं मोडली, दृष्ट काढतात तशी.

घोडेगावात मी बूथवरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "कुशीवर झोपव. आवाज नको, ऊन नको. ये लवकर. मी तयारी करते." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मैत्रिणीचा आवाज बदलला की माणूस जास्त घाबरतं. फोन ठेवताना मला बूथचं दार ढकलायचं की ओढायचं तेच सुचेना.

घोडेगावात बरेच लोक उतरले. ती म्हातारी, एक पागोटेवाले आजोबा आणि टपावरचे दोघे राहिले. तुमच्या आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळ्यांवर मी पदर धरला होता. मंचर गेलं, हायवे लागला. ती मधूनच विचारायची, "आई, पाऊस पडतोय का?" उन्हाळा होता, आभाळ कोरडं. मी "हो" म्हणत होते. तिच्या पोटावर माझा हात होता. तू आतून हललीस की मला धीर यायचा, नाही हललीस की जायचा. रस्त्याभर माझं तेवढंच चाललं होतं.

नारायणगावच्या अलीकडे गाडी थांबली. टोमॅटोचे दिवस होते. पिकअप, टेम्पो, क्रेट लादलेले ट्रॅक्टर, सगळा रस्ता मार्केटच्या तोंडाशी तुंबलेला. सगळे हॉर्न वाजवत होते. आवाज नको, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

तिथेच ते झालं. तिची मान ताठ झाली. डोळे वर गेले. मग सगळं अंग खडखड हलायला लागलं, आधीपासून हातात असलेल्या हिरव्या बांगड्या सीटच्या लोखंडावर आपटून फुटायला लागल्या.

"अंगात आलंय हिच्या," आजोबा म्हणाले आणि हात जोडले.

"अंगात न्हाई, फेफरं हाय. कांदा आना! चप्पल हुंगवा!" म्हातारीने स्वतःची वहाण काढून पुढे केली. टपावरचा एक जण खाली आला आणि तिच्या दातात घालायला चमचा, काडी, काही आहे का, शोधायला लागला.

मी ओरडले, "तोंडात काही घालायचं नाही! धरू नका! कुशीवर वळवा, कुशीवर!" कागदावरची शेवटची ओळ होती ती. मला दुसरं काही येत नव्हतं. मी ती ओळच पुन्हा पुन्हा ओरडत राहिले. म्हातारीने वहाण टाकली आणि माझ्यासोबत तिला वळवलं. फेस माझ्या हातावर आला. ड्रायव्हर खाली उडी मारून ट्रॅक्टरवाल्यांच्या अंगावर धावला. "सरक ए! पोरगी मरती हितं! सरक!"

तो शब्द त्याने उच्चारला, आणि तोपर्यंत मी मनातही तो उच्चारला नव्हता.

ट्रॅक्टर शेतात घातले लोकांनी. क्रेट पडले, टोमॅटो रस्त्यावर पसरले. त्यावरून आमची जीप गेली. झटके थांबले होते आणि ती घोरल्यासारखा श्वास घेत होती. तिच्या पोटावर माझा हात होता, आणि आत काही हलत नव्हतं.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. इंजेक्शन. कात्रीने कापलेली मोगऱ्याची फुलं फरशीवर. बंद झालेलं दार. बाकावर मी बसले, त्याच बाकावर, जिथे मी बायकांना विचारलं होतं की तुम्ही कसं सांगता. समोरच्या भिंतीवर माझा कागद होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

तू रडलीस तो आवाज मांजराच्या पिल्लासारखा होता. मला तर पटेचना तो माणसाचा आवाज आहे. तुमची आई मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत शुद्धीवर आली नाही, आणि त्या सगळ्या वेळात कुणी "ठीक आहे" असं म्हणालं नाही. "बघू," म्हणत होते. बघू हा शब्द मला तेव्हापासून सहन होत नाही. तुमचे आजोबा पुण्याहून येऊन माझ्याशेजारी बसले. त्यांनी विचारलं, तेव्हा मलाही "बघू" एवढंच म्हणावं लागलं.

ती जागी झाली. पहिलं काय म्हणाली? "आई, बांगड्या कुणी फोडल्या?"

प्रकृती सावरल्यावर डॉक्टरीणबाई तिला रागावल्या. "तुझ्या आईनं लिहिलेला कागद, आणि तूच वाचला नाहीस?"

"कुठला कागद?" तुमच्या आईने विचारलं.

मी कपडे आणायला शिनोलीला गेले, तेव्हा आतल्या खोलीत शिरले आणि बाळाचं चित्र खिळ्यावरून उचललं. मागे माझा कागद होता. त्याच खिळ्याला, जिथे मी लावला होता तिथेच, फक्त तोंड भिंतीकडे करून. कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलेलं.

पणजी दारात उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्या काही जेवल्या नव्हत्या असं शेजारीण सांगत होती.

"आत्याबाई, हे का?"

"ती फेस आलेली बाई," त्या म्हणाल्या. "रोज उठून पोरीनं तिच्याकडं बघायचं? पोटुशीनं? मी म्हनलं, सावली नगं पडाया. फेकला न्हाई मी. तुजा कागद व्हता." मग विचारलं, "आगं, त्याच्यात ह्येच लिवलं व्हतं का? हात सुजल्याचं?"

"हो."

"मग मला वाचून का न्हाई दावलं कुनी? पोरगी मला सांगत व्हती सगळं. मला!"

त्यांनी जे केलं ते त्यांच्या नातीच्या काळजीनेच केलं होतं. मी तिथे पलंगावर बसले, आणि तेव्हा मला जी भीती वाटली ती जीपमधल्यापेक्षा वेगळी होती, पण कमी नव्हती. एवढ्या बायका कागद घेऊन गेल्या. "घरी लावलाय" म्हणाल्या. कुठे लावलाय, हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं.

मग विचारलं. एकीने गादीखाली ठेवला होता. येडगावच्या एका बाईने सांगितलं, सासूने तांदळाच्या कणगीत पुरला, म्हणजे दोष जाईल. एकीच्या नवऱ्याने घरात असलं चित्र नको म्हणून पाटाच्या पाण्यात सोडून दिला. भिंतीला चित्र बाहेर करून लावलेला कागद एकाही गरोदर बाईच्या खोलीत सापडला नाही.

डॉक्टरीणबाई डोकं धरून बसल्या. तुमची आई कॉटवर तुला मांडीवर घेऊन होती. ती म्हणाली, "त्यांना बाळाचं चित्र हवंय ना? मग बाळाचंच द्या. खाली लिहा काय लिहायचं ते."

नवा कागद असा झाला. आजारी बाई काढून टाकली. वर पानभर हसणारं बाळ. त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत चार ओळी, आणि त्या गरोदर बाईला उद्देशून नव्हत्या. बाळ आजीशी बोलत होतं. 'आजी, आईचं डोकं दुखायचं थांबत नसेल, तर मला आजच दवाखान्यात ने.' 'आजी, आईचं तोंड आणि हात सुजले, बांगडी जाईना, तर आजच ने.' असं. कारण न्यायचं की नाही हे ठरवणारी घरात तीच होती. ओळी पाठ होतील एवढ्याच ठेवल्या, म्हणजे कुणीतरी एकदा वाचून दाखवल्या की पुरे.

बाळ पसंत करायचं काम पणजींकडे दिलं. मास्तरांनी तीन चित्रं काढून आणली. "ह्यो रडका हाय," पणजी म्हणाल्या. "ह्याला मान न्हाई." तिसऱ्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. "ह्यो बरा. पन गालाला तीट लावा. न्हाईतर बाया स्वतःच्या हातानं लावतील आन् समदा कागद काळा करतील."

मास्तरांनी तीट लावली. पणजींनी मग त्या चार ओळी माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतल्या, तोंडपाठ होईपर्यंत. पुढे भावकीत कुणाची सून गरोदर आहे कळलं की त्या काठी टेकत जायच्या, बाळाचं चित्र भिंतीला लावायच्या, आणि त्या घरच्या सासूला समोर बसवून ओळी म्हणायला लावायच्या. सासू चुकली की "तू बस हितंच, पाठ हुईस्तवर मी च्या न्हाई घेनार" असं म्हणायच्या. तो कागद कुठे उलटा लावलेला आम्हाला आढळला नाही. प्रत्येक बाई वाचली असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. वेळेवर आलेल्या मात्र पुष्कळ आठवतात.

थोरले, तू तिकडे एकटी आहेस, आजी म्हणून दारात उभं राहायला मी नाही. तुझे हात मला फोनवर दिसत नाहीत. व्हिडिओवर तू नेहमी चेहराच दाखवतेस. पुढच्या वेळी हात दाखव. मला अजून भीती वाटते आणि ती जाणार नाही, एवढं तुला सांगून ठेवते.

शिनोलीच्या घरी आतल्या खोलीत तो खिळा आहे. त्यावर नव्या कागदाची पहिली प्रत आहे. बाळाचा रंग उन्हाने उडाला आहे, गालावरची तीट राहिली आहे, आणि खालच्या चारही ओळी वाचता येतात.